ओट्याखालचा कप्पा

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला घरात सतरा खेळणी आली. आकडा पक्का आहे, कारण त्यांना जागा करून देण्याचं काम माझ्याकडे होतं. बटण दाबलं की इंग्रजीत बोलणारी गाय, गाणारा फोन, टाळी वाजवली की नाचणारं अस्वल, पाठीवर बसायचा हत्ती, शिवाय खोक्यावर ‘बुद्धी वाढवणारे’ असं छापलेले तीन संच. आता ती दीड वर्षाची आहे. सकाळी मुलगा आणि सून कामावर गेले की बाईसाहेब दुडूदुडू हॉलमधून निघतात, अस्वलाला वळसा घालतात, हत्तीकडे बघतही नाहीत आणि स्वयंपाकघरात ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या ट्रॉलीसमोर फतकल मारतात. ट्रॉलीत डबे आहेत आणि डब्यांची झाकणं. पुढचा पाऊण तास तिला कुणाचीही गरज नसते.

सुरुवातीला मी तिला उचलून पुन्हा हॉलमध्ये आणून ठेवायचो. ‘तुझा खेळ इकडे आहे’ असं समजवायचो. ती रडायची, मी फोनवर गाणं लावून द्यायचो, आणि संध्याकाळी सून घरी आली की आम्ही दोघं चोरी करताना पकडल्यासारखे बसलेले असायचो. मग एके दिवशी माझी पाठ धरली. वाकून तिला उचलणं शक्यच नव्हतं. मी स्वयंपाकघरात पाट घेतला, भिंतीला टेकून बसलो आणि ती नेमकं काय करते ते पहिल्यांदा नीट पाहिलं. या लेखाची सुरुवात त्या पाठदुखीतून झाली.

एकात एक बसणारे पाच स्टीलचे डबे. तिने पाचही बाहेर काढले, झाकणं फरशीवर पसरली. मधल्या डब्याचं झाकण उचलून सगळ्यात मोठ्या डब्यावर ठेवलं. ते आत पडलं. वाकून आत पाहिलं. हात घातला. झाकण बुडाशी सपाट बसलेलं, कडेला बोट शिरेना. दोनदा नखाने खरवडलं आणि मग डबाच उपडा केला. खण्णकन झाकण फरशीवर आलं, कडेवर उभं राहून फ्रिजच्या दिशेने घरंगळलं आणि थरथरत आडवं झालं. ती थरथर थांबेपर्यंत बाईसाहेबांनी श्वास रोखला होता. मग माझ्याकडे बघून हसली आणि तेच झाकण पुन्हा त्याच डब्यात टाकलं. असं अकरा वेळा. सातव्या खेपेला डबा उपडा करण्याऐवजी तिने तिरका केला, तेव्हा झाकण घसरत अलगद हातात आलं. नवव्या खेपेला ते डोक्यावर ठेवून झालं, पाठोपाठ माझ्या डोक्यावर. शेवटी झाकणाची ताटली झाली, तिच्यातला हवेचा घास माझ्या तोंडाशी आला आणि ‘आबा, मम्म’ असा हुकूम सुटला.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या असल्याच खटाटोपांची बारकाईने टिपणं ठेवली होती. साधारण एक ते दीड वर्षाचं मूल तीच वस्तू पुन्हा पुन्हा टाकतं, पण दर वेळी थोडी वेगळी. कधी हात उंच करून, कधी बाजूला नेऊन. आपल्याला वाटतं छळतंय; पियाजे म्हणतात, असं केलं तर काय होतं हे ते तपासतंय. आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक असावं. लहान पोराच्या खटाटोपाला मराठीत ‘उद्योग’ म्हणतात. कारखानदार करतो तोही उद्योग आणि हे डब्यात झाकण टाकून काढतंय तोही उद्योगच. फक्त पोराच्या उद्योगाआधी ‘नसते’ लावायची आपल्याला घाई असते.

त्या दिवसानंतर सतरापैकी तेरा खेळणी माळ्यावर गेली. हे मी आळसापायी केलं होतं, पण नंतर वाचनात आलं की आळसाला शास्त्राचा आधार आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना त्यांनी एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याचे जास्त प्रकारे उपयोग केले. सोळा असताना एकावरून दुसऱ्यावर उड्या. आपण तरी लग्नाच्या बुफेत काय करतो?

बोलणाऱ्या गायीबद्दलही असंच झालं. ती गाय सुरू असली की मी गप्प असतो, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठातल्या अॅना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. हातात बोलकं, बॅटरीचं खेळणं असताना पालक सगळ्यात कमी बोलले आणि बाळंही कमी बडबडली. पुस्तक असताना पालक सर्वांत जास्त बोलले. खेळणं बोलायला लागलं की माणूस थांबतो, एवढंच. आमच्या गायीची बॅटरी संपली ती मी पुन्हा घातली नाही. मुकी झाल्यापासून गायीला रोज चारा मिळतो.

आमच्याकडे केर-भांड्याला येणाऱ्या मावशी मराठवाड्यातल्या. मी जमिनीवर बसून नातीबरोबर वाट्यांची उतरंड रचतोय हे पाहून त्यांना आधी हसू आलं. मग भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘आमच्यात कुठली खेळणी, आबा. आई पाखडाया बसली की धाकट्याच्या हातात जुनं सूप द्यायची. त्ये बी पाखडायचं. निम्मं मातीत.’ आणि ते मातीतलं? ‘कोंबड्या हुत्या की.’

मावशींच्या या बोलण्यात जी व्यवस्था आहे तिच्यावर शिक्षणशास्त्राची पुस्तकं लिहिली गेली आहेत. मूल आईच्या कामाशेजारी बसलेलं, त्याच्या हातात आईच्या अवजाराची धाकटी आवृत्ती, चुकलं तर ओरडा नाही आणि सांडलेलं वाया जात नाही. आपल्याकडची भातुकली याच व्यवस्थेतून आली. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी पोळपाट-लाटणं, जातं, चूल असा संच अजूनही मिळतो; पूर्वी त्याला पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे. पण भातुकली हा तीन-चार वर्षांपुढचा मांडलेला संसार. दीड वर्षाच्या जिवाला छोटं जातं नको असतं. त्याला आई वापरते तीच पळी हवी असते.

मावशींचं सूप ऐकताना मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवल्या. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मारिया मॉन्टेसरींची बालशिक्षणाची पद्धत त्यांना पटलेली होती. अडचण साधनांची होती. युरोपात घडवलेली ती सुबक, महाग साधनं गावात आणायची कुठून? मग खडे आले, शिंपले आले, पानं, बिया, माती आली. समुद्र शेजारी, रान शेजारी, साधनांना तोटा नव्हता. पुढची अडचण मुलांची. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं होती आणि राखायला गुरं. तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना तेच अंगणवाडी नाव मिळालं. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला सरकारी पोषण आहार आठवतो. मुळात तो शब्द मूल जिथे आहे तिथे जाऊन बसण्याचा आहे.

आता गंमत बघा. माळ्यावर गेलेल्या तीन संचांपैकी एकावर ठळक अक्षरांत ‘मॉन्टेसरी’ लिहिलंय. या शब्दावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे कुणीही तो कशावरही छापू शकतो. मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो भागात पहिलं बालगृह उघडलं ते मजुरांच्या मुलांसाठी. आईबाप कामावर गेल्यावर ही मुलं चाळीसारख्या इमारतींत मोकाट असायची. मॉन्टेसरींनी बनवलेली लाकडी साधनं प्रसिद्ध झाली खरी, पण त्यांच्या पद्धतीतला मोठा भाग रोजच्या कामांचा आहे: भांड्यातून भांड्यात पाणी ओतणं, झाडणं, टेबल पुसणं, गुंड्या लावणं. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. एखाद्या मराठी घरात तेव्हा सकाळी सातला येऊन बसल्या असत्या तर बाजारातलं काही आणा असं त्यांनी सांगितलं नसतं, असा माझा अंदाज आहे. पाट मागितला असता.

अनुताई जन्मल्या त्याच वर्षी, म्हणजे १९१० मध्ये, इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड जन्मल्या. लहान मुलांच्या संस्थांमधून आयुष्यभर काम केलेल्या या बाईंनी दोन साध्या गोष्टी सांगितल्या. बसायला लागलेल्या बाळापुढे एक टोपली ठेवा: लाकडी चमचा, ब्रश, लिंबू, किल्ल्यांचा जुडगा, कातड्याचं पाकीट, लोकरीचा गोळा. प्लास्टिक एकही नको, कारण प्लास्टिकला ना वास, ना चव, ना वजन. आणि चालायला लागलेल्या मुलांना डबे, झाकणं, पडद्याच्या कड्या, साखळ्या, पुठ्ठ्याच्या नळ्या असा ढीग द्या. मोठ्या माणसाने जवळ बसायचं, पण दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही. ही शेवटची अट आपल्या घरांत अवघड जाते. झाकण बसलं की आपण टाळ्या पिटतो, आणि पुढचं झाकण पोर डब्याकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघत लावतं. मला हे जमायला दोन आठवडे लागले. हात मांडीखाली दाबून बसायचो.

बोलायचंच नाही असा मात्र याचा अर्थ नाही, आणि इथे मला जमैकाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांतली नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ मुलं निवडली गेली. सगळी कुपोषणामुळे वाढ खुंटलेली. संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका गेली, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. ही सेविका आपल्याकडच्या आशाताईंसारखीच, वस्तीतली, जेमतेम शिकलेली. तिच्या पिशवीत बाटल्या, झाकणं, पुठ्ठे, चिंध्या यांची घरी केलेली खेळणी असत. ती आईबरोबर आणि मुलाबरोबर खेळे, आईला दाखवी, खेळणी तिथेच ठेवून जाई आणि पुढच्या आठवड्यात बदलून दुसरी देई. हे दोन वर्षं चाललं. मग सगळे आपापल्या वाटेने गेले. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधून काढलं गेलं. लहानपणी ज्यांच्या घरी ती खेळण्यांची पिशवी येत होती त्यांची कमाई, तिच्याशिवाय वाढलेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत याबद्दलचा निबंध आला तेव्हा लेखकांत नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमनही होते. नुसत्या दुधाचा असा लांबचा परिणाम दिसला नाही.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे विचारतात, खेळणी कोणती होती? चुकीचा प्रश्न. खेळणी टाकाऊ बाटल्या-झाकणांची होती. पण आठवड्यातून एक तास कुणीतरी त्या आईला सांगत होतं की तुझं पोर बोलायच्या आधीपासून तुझं ऐकतंय, त्याच्याशी बोल. झाकण लाल आहे, आत गेलं, बाहेर आलं. बस, एवढंच बोलायचं. आपल्याकडे मांडीवर तळहाताला तळहात लावून आपडी-थापडी खेळणाऱ्या आज्या, ‘बुवाऽऽ कुक’ करणारे मामा हे काम बिनपगारी करत होते.

सरकारलाही हे कळलेलं आहे, कागदावर तरी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास योजनेच्या साथीने ‘आरंभ’ हा कार्यक्रम आखला. त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आईबापांसाठी पालक मेळावे होतात आणि घरातल्या वस्तूंचे खेळ मांडले जातात. २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘नवचेतना’ हा आराखडा काढला, त्यातही ३६ महिन्यांचं वेळापत्रक आणि १४० खेळ आहेत. मी आमच्या गावाकडच्या अंगणवाडीत जाऊन ताईंना याबद्दल विचारलं. त्यांनी कपाटातून सुतळीत ओवलेली बाटल्यांची झाकणं, मोज्यांची बाहुली, वाळू भरलेली बाटली काढून दाखवली. सगळं स्वतः केलेलं, नीट धुतलेलं. मग मोबाईल दाखवला, ज्यावर रोज माहिती भरायची असते. ‘खेळ घ्यायला आवडतं हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण तो भरता येत नाही. भरायचं असतं ते वजन.’

आता माझी चूक.

झाकणांचा खेळ रंगला म्हणून उत्साहाच्या भरात मी एक दिवस परातीत हरभरे ओतले आणि वाटी-चमचा दिला. ओतणं, भरणं, पुन्हा ओतणं. अर्धा तास छान गेला. फोन वाजला म्हणून मी उठलो, दोन मिनिटांत आलो. रात्री तिच्या एकाच नाकपुडीतून पाणी यायला लागलं. सकाळी डॉक्टरांनी चिमट्याने हरभरा काढला; ओलाव्याने तो टम्म फुगला होता. श्वासनळीत गेला असता तर, हे त्यांनी वाक्य पूर्ण न करता सांगितलं. घरी आठ दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. बरोबरच होतं.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी, नाणी तीन वर्षांच्या आत हाताला लागूच द्यायची नाहीत. खेळण्यांच्या चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती बाद. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे तेही बाद. घरी किचन टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती जरा मोठीच असते, त्यामुळे चूक झाली तरी सावधपणाच्या बाजूने होते. रिमोट आणि खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेल सगळ्यात वाईट. गिळले गेले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तिथे केळं खायला घालत बसायचं नाही, तडक दवाखाना. पाण्याशी खेळ झाला की परात तिथल्या तिथे उपडी. बादलीत वीतभर पाणी असलं तरी मूल बुडू शकतं. बाजारची रांगोळी तोंडात जाते, म्हणून तिच्याऐवजी तांदळाचं पीठ. विकतच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्यावं. आणि फोन वाजला तर वाजू द्यावा.

हरभऱ्याची जागा मग बटाट्यांनी घेतली. हा खेळ माझ्या नातीने शोधला, मी फक्त टोपली दिली. स्वयंपाकघरातून एकेक बटाटा दोन्ही हातांनी छातीशी धरून हॉलमधल्या टोपलीत नेऊन टाकायचा, रिकाम्या हाताने परत यायचं. टोपली भरली की उलट वाहतूक. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका सांगते की एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, आणि दोन वर्षांच्या आत पडदा नकोच म्हणते. तीन तास ऐकून घाबरायला होतं. दोन किलो बटाटे आणले की त्यातली चाळीस मिनिटं सुटतात. गाद्या वाळवायला काढल्या की उशांचा डोंगर होतो, त्यावरून गडगडत येण्यात आणखी अर्धा तास. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालायचं तर तिच्या हातात फुलपात्र असतं. तुळशीला पोहोचेपर्यंत निम्मं पायावर सांडतं.

सगळ्यात उजवा खेळ मात्र कणकेचा. पोळ्यांना कणीक मळताना लिंबाएवढा गोळा तिला मिळतो. आधी बोट खुपसून भोक. भोकातून पलीकडे बघायचं. मग ओढून तोडायचं, तोडलेलं परत चिकटवायचं आणि ते चिकटतं याचं दर वेळी नव्याने आश्चर्य. एखादा गोळा तोंडाकडे जातो, तेवढा अडवायचा. बिटाचा रस घातला की गोळा गुलाबी, हळदीने पिवळा, पालकाने हिरवा. गेल्या आठवड्यात दिवाळीच्या फराळाला सुरुवात झाली तेव्हा सुनेने तिच्या हातात करंजीचं कातण दिलं. त्याचं चाक फिरतं आणि मागे नक्षीची रेघ उमटते हे कळल्यावर बाईसाहेबांनी आधी कणीक कापली, मग पोळपाट, मग माझी पँट. सोऱ्यातून चकली उतरताना तिला काकडीसारखी दिसली की काय कोण जाणे, ती ‘काकी’ म्हणून ओरडत होती. तळणीच्या वेळी मात्र तिची रवानगी थेट बाल्कनीत, सोसायटीतली मोठी मुलं किल्ला करत होती तो बघायला. दुसऱ्या दिवशी मुलांनी तिलाही कामाला लावलं: चिखलाच्या बुरुजावर थापट्या मारायच्या. अळीव पेरल्यावर ते उगवतं का हे बघायला ती रोज सकाळी मला ओढत नेत होती. तिसऱ्या दिवशी हिरवी लव दिसली, तिने उपटली. किल्लेदार रडले. त्यांना चकली देऊन तह केला.

या सगळ्यात एक गोष्ट मी टाळत आलोय, ती सुनेने परवा सरळ काढली. मी दिवाळी अंकासाठी हा लेख लिहितोय असं म्हटल्यावर तिने विचारलं, ‘पसाऱ्याबद्दल लिहिणार आहात ना? तुमचा खेळ संपतो तेव्हा माझा सुरू होतो.’

खरं आहे. घरगुती खेळाला पैसे लागत नाहीत असं सगळे तज्ज्ञ सांगतात. त्याची किंमत पसाऱ्यात मोजायची असते, आणि ती बहुतेक घरांत एकाच माणसाच्या कमरेवर पडते. कामावरून आलेल्या बाईला फरशीवर सांडलेलं पीठ दिसतं तेव्हा त्यात तिला मुलाची जिज्ञासा दिसावी, ही अपेक्षा करणारे बहुधा पीठ गोळा करत नाहीत. वन-बीएचकेत राहणाऱ्या, सकाळी सहाची लोकल धरणाऱ्या आईने मुलाच्या हातात फोन दिला तर मी तिला काहीही बोलणार नाही. तिच्या घरात दुसरा कोणी मोकळा माणूस आहे का, एवढंच विचारीन. माझ्या मुलाच्या लहानपणी आमच्या घरात असा माणूस होता. तो संध्याकाळी सहाला येऊन पेपर वाचत बसायचा.

म्हणून आमच्याकडे आता ठरलंय. खेळ मांडणारा आवरणार. जुनी चादर अंथरायची, तिच्यावर परात, आणि परातीत खेळ. संपला की चादरीची चार टोकं उचलून बाल्कनीत झटकायची. आवरणं हाही खेळच आहे हे मला नातीने शिकवलं. झाकणं ट्रॉलीत टाकताना ती प्रत्येकाला ‘टाटा’ करते. फक्त तिला घाई नसते. वीस मिनिटं लागतात, लागू द्या.

तुमच्या घरात दिवाळीची साफसफाई झाली असेल, माळ्यावरचं खाली आणि खालचं भंगारात गेलं असेल. अजून काही उरलं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं बाजूला काढा: एकात एक जाणारे तीन डबे झाकणांसह, लाकडी पळी, चाळणी, दोन फुलपात्रं, जुन्या साडीचा हातभर तुकडा, पुठ्ठ्याची जाड नळी, पिठाची एक जुनी परात. कडा धारदार नाहीत ना, काही सुटून हातात येत नाही ना, ते बोट फिरवून बघा. ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करून हे त्यात ठेवा आणि कप्पा उघडा ठेवा. आणि घरातल्या आजोबांना एक पाट द्या. सोबत केरसुणी.